दबक्या आवाजातली कबड्डी

“आई नाही आली का आज? असू दे बेटा, तू मार.”

एवढं म्हणून अण्णांनी झाडू माझ्या हातात दिला.

माझ्या अंगात निळा टी-शर्ट होता. पाठीवर नंबर होता. गुडघ्याला नीकॅप, केस दोन रबरांनी आवळून बांधलेले. आंधळ्यालाही कळलं असतं की ही पोरगी खेळायला आलीय. अण्णांना दिसला झाडू. माझ्या शेजारी रुक्मी उभी होती, माझी मैत्रीण. तिच्याही अंगात तसलाच टी-शर्ट. तिच्या हातात द्यायला दुसरा झाडू नव्हता, म्हणून ती वाचली.

समोर सभागृहात बॅडमिंटनची लाकडी फरशी चकचकत होती. जाळीच्या दोन्ही अंगाला शहरातले डॉक्टर, वकील, कापडवाले पांढऱ्या बुटांत उभे होते. आम्ही बाजूला कधी होतो याची वाट बघत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यांना त्यात काही वेगळं वाटलंच नाही. वस्तीतली पोरगी आली, म्हणजे झाडायला आली.

मी झाडू धरून तशीच उभी. शाळेत मी कॅप्टन. वाकडं बोलणाऱ्या पोरांना मी सोडत नव्हते. आणि इथं तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात मागच्या दारानं माझी माय आली. तिनं एका नजरेत सगळं बघितलं आणि धावत येऊन झाडू माझ्या हातातून ओढून घेतला.

“चुकलं अण्णा. पोरगी हाय, तिला कळत न्हाई.”

आणि वाकली. झाडायला लागली. माझ्या पायाच्या भवतीनं झाडलं तिनं, मी उभी होते तेवढी जागा सोडून. माझी माय माझ्या पायाशी वाकलेली मी पहिल्यांदा बघितली. 

तरी मी बोलले. कसंबसं. “अण्णा, कबड्डीची मॅट पायजे होती. तासभर. लातूरला निवड हाय.”

अण्णांनी खांद्यावरच्या नॅपकिनानं मान पुसली. माणूस गोड बोलायचा. बाजारात त्यांचं कापडाचं मोठं दुकान, कुणाला कधी अरे-तुरे नाही. म्हणाले, “मॅटला घामाचा वास धरतो, बेटा. मग तो जात नाही.”

पांढऱ्या बुटांतली सगळी माणसं घामानं निथळत होती. त्यांच्या घामाला वास नव्हता. जात त्यांनी कधी तोंडातून काढली नाही. झाडू काढला.

गावाचं नाव सांगत नाही. लातूर आणि नांदेडच्या मधलं एक शहर समजा. सांगून तरी काय उपयोग, असली सभागृहं कुठं नाहीत? आमच्या नगराला कमानीवर मोठं नाव रंगवलंय, पण बाजारात कुणालाही विचारा, “खालची वस्ती” म्हणूनच सांगतील. साऱ्या शहराचं सांडपाणी आमच्याकडं उतरतं, ती खालची.

वस्तीला लागून पालिकेची पडीक जागा होती. वेडी बाभूळ माजलेली. आमच्या लोकांनी ती तोडली, मुळं उकरली, दगड वेचले. माझा बाप मोंढ्यात हमाली करतो. दिवसभर पोती वाहून आला की संध्याकाळी तिथं टिकाव घेऊन जायचा. का, तर पोरांना खेळायला जागा होईल. झाली. आणि त्या जागेवर पोरांच्या आधी आम्ही पोरी उतरलो, ते सलीममामूंमुळं.

सलीममामूंचं वस्तीच्या तोंडाशी वेल्डिंगचं टपरीवजा दुकान होतं. तरुणपणी त्यांनी कबड्डी गाजवलेली. त्यांना पोरगी नव्हती. आम्हा साऱ्यांना बेटा म्हणायचे. बेटा मामूही म्हणायचे आणि बेटा अण्णाही म्हणायचे. एकाच शब्दात किती फरक असतो, ते मला त्या दोघांनी शिकवलं. 

मामूंचे दोनच नियम होते. मातीला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय रेषेच्या आत पाय टाकायचा नाही. “पैले मिट्टी कू सलाम.” आणि दुसरा, आवाज. “पेट से निकालो आवाज. पूरे मोहल्ले कू सुनाई देना.” आम्ही काढायचो. असा की घराघरात ऐकू जायचा. माय भाकरी थापता थापता सांगायची, आता रुक्मी गेली चढाईला. चुलीपुढनं, न बघता. रुक्मीचा आवाज तसाच होता, खणखणीत, श्वास कधी संपतो असं वाटायचंच नाही. समोरच्या पोरी त्या आवाजानंच मागं सरायच्या.

मग सभागृह आलं.

नगरसेवक आले, नारळ फुटला, आमच्याच मैदानावर फुटला. “शासनानं तुमच्या वस्तीसाठी निधी दिलाय, तुमच्या लेकरांसाठी हॉल होणार, आत खेळ, अभ्यास, लग्नकार्य, सगळं.” आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापानं मैदान दिलं त्याच आनंदानं, ज्या आनंदानं टिकाव मारला होता. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा ठेकेदाराचा माणूस पाणी मारायला येईना. तर वस्तीतल्या बायांनी घरचं पाणी नेऊन भिंतींवर मारलं. टँकरची वाट बघणाऱ्या बाया ह्या! स्वतःच्या अंगावर तांब्याभर कमी घेतलं आणि भिंतीला पाजलं. “आपलं हाय,” म्हणायच्या.

सभागृह झालं. दाराशी काळ्या दगडाची पाटी लागली, शासकीय निधीतून, वस्तीतील नागरिकांच्या वापरासाठी. ती पाटी अजून आहे. तिच्यावरची धूळ कितीदा तरी मायनंच पुसलीय.

आणि इथं आमचं चुकलं. दुसऱ्या कुणाचं चुकलं नसतं असं चुकलं. बायांनी आपणहून सभागृह झाडायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. पाळ्या लावल्या, आज हिची, उद्या तिची. सकाळी दारात सडा, रांगोळी. सणाला आंब्याचं तोरण. आपलं घर माणूस झाडतं तसं झाडलं त्यांनी. त्यात एवढा लाड होता, एवढी हौस होती, काय सांगू. आणि बघणाऱ्यांना काय दिसलं? बघणाऱ्यांना दिसलं की ह्या बाया झाडायलाच आहेत.

वर्ष उलटलं नसेल. पालिकेनं सभागृह देखभालीसाठी एका क्रीडा मंडळाला दिलं. मंडळाचे अध्यक्ष अण्णा. ‘देखभाल’ हा शब्द ऐकायला किती चांगला! फरशी उकरून लाकूड बसवलं, पालिकेच्याच खर्चानं. दिवे लावले. लाईटचं बिल पालिका भरते, रंग पालिका देते. पुढच्या दाराला कुलूप लागलं, त्याची चावी अण्णांकडं. दाराशी वॉचमन बसला. आत यायचं तर मंडळाचा सभासद पाहिजे. सभासद व्हायचं तर कुणीतरी ओळखीचा सभासद पाहिजे. वस्तीत कोण असणार तसला?

पण झाडायचं तर होतंच. अण्णा स्वतः वस्तीत आले होते त्यासाठी, मायला म्हणाले, “तुमच्यासारखी स्वच्छता कुणाला जमणार नाही, ताई.” आणि मागच्या दाराची चावी तिच्या हातात ठेवली.

काय खूष झाली होती माय! चावी पदराच्या गाठीला बांधली आणि दिवसभर ती गाठ चाचपत हिंडली. दिवाळीला मंडळाकडून एक साडी, कार्यक्रमाचं उरलेलं जेवण, एवढ्यावर तिनं ते सभागृह वर्षानुवर्षं झाडलं. बाकीच्या बायांच्या पाळ्या हळूहळू बंद पडल्या. हिची पडली नाही. बाप चिडायचा, “फुकटची मोलकरीण झालीस.” ती म्हणायची, “चावी माझ्यापाशी हाय का न्हाई?” तिला वाटायचं, जोवर ती चावी गाठीला आहे तोवर सभागृह थोडं तरी आपलं आहे. 

मैदान गेल्यावर आम्ही खेळायचो सभागृहामागच्या कच्च्या रस्त्यावर. खडी. गुडघे फुटायचे, खपल्या धरायच्या, पुन्हा फुटायचे. एक दिवस टेम्पो आला. शासनाकडून कबड्डीची मॅट, नवी कोरी, एकमेकांत अडकवायचे चौकोनी तुकडे. सलीममामू वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून पळत आले. बोट लावून बघितलं, वास घेतला, डोळे पुसले. मॅट आत गेली. स्टेजच्या खाली तिची थप्पी लागली आणि ती तिथंच राहिली. त्या शहरात कबड्डी खेळणारं दुसरं कोण होतं? आम्हीच. आमच्या नावानं आली, आमच्यापासून जपून ठेवली.

आता रुक्मीचं सांगते. कारण हे सगळं रुक्मीसाठी होतं.

रुक्मीचं तिच्या मामाच्या पोराशी ठरलं होतं. मामा किनवटकडचा. पोरगा वाईट नव्हता म्हणे. पण रुक्मीला अजून अठरावंही लागलं नव्हतं, हे तिच्या बापाला ठाऊक, मामाला ठाऊक, साऱ्या वस्तीला ठाऊक. ती रडली, जेवली नाही, शेवटी बापाच्या पायाशी बसली. आणि बापानं एक शब्द दिला. लातूरला खेळाच्या वसतिगृहाची निवड होती. निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण सगळं सरकारचं. तो म्हणाला, “निवडून आलीस तर लगीन मोडतो. न्हाई आलीस तर गुमान उभी राह्याचं.” एकच दार होतं तिला त्या घरातून बाहेर पडायला. 

आणि निवड मॅटवर. मातीत पाय सरकतो, मॅटवर पाय धरतो. मातीतली पोरगी पहिल्यांदा मॅटवर उतरली की पाय मुरगळून बसते. मामूंनी हे शंभरदा सांगितलेलं. म्हणून मी रुक्मीला घेऊन त्या संध्याकाळी पुढच्या दारानं गेले, नंबरचा टी-शर्ट घालून, म्हणजे अण्णांना कळावं की आम्ही खेळाडू आहोत. त्यानंतर जे झालं ते वर सांगितलंच.

घरी आल्यावर मी भांडी आपटली. मायवर ओरडले, “त्यानं माझ्या हातात झाडू दिला आणि तू त्याचीच माफी मागितलीस?” तिनं चुलीवरचा तवा उतरवला. मग पदराची गाठ सोडली आणि चावी माझ्यापुढं ठेवली.

“दुपारी कोन नसतंय तिथं. मागनं जा. पण आवाज करू नका.”

मे महिना होता. दुपारी आमच्याकडं रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. अण्णांची मंडळी सकाळी खेळायची आणि संध्याकाळी खेळायची. दुपारी पुढच्या दारात वॉचमन डुलक्या काढायचा. त्याच्या आणि आमच्यामध्ये एक पत्र्याचं दार. मामूंना सांगायचं नाही, असं मायनं बजावलं होतं. “बंद हॉलात पोरी आन् सलीमभाई, लोक काय बोलतील? बिचाऱ्याचं दुकान जाळतील.” ते खरंच होतं. मागचा रस्ताही तेव्हा ड्रेनेजसाठी उकरून ठेवलेला, तिथली प्रॅक्टिस बंदच. मामू आम्हाला सकाळी फक्त पळवायचे.

तर आम्ही जायचो. चपला हातात घेऊन, मागच्या दारानं, एकेक करून. खिडक्या बंद. पंखा लावायचा नाही, आवाज होतो. स्टेजखालनं मॅटचे तुकडे ओढायचे, जोडायचे. वाकून मॅटला हात लावायचा, कपाळाला लावायचा. आणि खेळायचं. घाम डोळ्यात जायचा. पकड झाली तरी धप्पकन पडायचं नाही, हळू पडायचं. गुण मिळाला तरी टाळी नाही. लागलं तर ओठ चावायचा. माय दाराला पाठ लावून बसायची आणि कुणाचा आवाज जरा वर गेला की पदर तोंडाला लावून हात हलवायची. “हळू गं बायांनो. चावी काढून घेतील.”

आणि कबड्डी, कबड्डी, कबड्डी, हे आम्ही म्हणायचो कुजबुजत. चोरासारखं. रुक्मीसुद्धा.

तिचे पाय काय बसले त्या मॅटवर! पहिले दोन-तीन दिवस धडपडली, मग जे वळायला लागली, मला हातच लागेना तिला. शेवटच्या दिवशी तिनं आम्हा साऱ्यांना एका चढाईत बाद केलं आणि रेषेवर परत येऊन नुसते ओठ हलवून म्हणाली, “कॅप्टन, मी सुटले.” मी तिला मिठी मारली. आवाज न करता.

लातूरला आम्ही एसटीनं गेलो. मामू बरोबर, रुक्मीचा बाप बरोबर. मोठं मैदान, मांडव, गावोगावच्या पोरी. रुक्मीचा नंबर पुकारला. तिनं मॅटला हात लावला, कपाळाला लावला. रेषेत शिरली. पाय असे पडत होते की मामू माझा दंड दाबून म्हणाले, “देख, देख, ये कब सीखी?”

शिट्टी वाजली.

पंच म्हणाले, “आवाज नाही. परत.”

तिला कळलंच नाही. मलाही कळलं नाही. कबड्डीत दम मोठ्यानं घ्यावा लागतो, पंचाला ऐकू गेला पाहिजे. हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. दुसऱ्या चढाईला ती गेली, मी रेषेबाहेरनं ओरडले, “रुक्मे, आवाज!” तिनं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. पहिला शब्द मोठा आला, दुसरा बारीक, आणि पाय हलले की पुन्हा तीच कुजबुज. महिनाभर तिच्या पायांना आणि कुजबुजीला आम्ही एकत्र शिकवलं होतं. पाय मॅटवर पडला की गळा आपोआप बंद व्हायचा.

शिट्टी. “आवाज नाही. परत.” समोरच्या संघाला गुण.

तिसऱ्यांदा ती रेषेवरच उभी राहिली. माझ्याकडं बघत होती. डोळे असे, जसं पाण्यात बुडणारं माणूस काठाकडं बघतं. मग तिच्या नंबरवर काट मारून पुढच्या पोरीला बोलावलं. 

मामूंना मी झाडाखाली सगळं सांगितलं. दुपारचं, चावीचं, दाराचं. ते खालीच बसले. “बगैर आवाज के कबड्डी होती क्या रे, बेटा? मेरे कू एक बार तो बोलना था.” आणि डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. मी मामूंना तसं रडताना पुन्हा कधी बघितलं नाही.

रुक्मीचा बाप उठून परतीच्या गाडीची चौकशी करायला गेला. त्यानं शब्द दिला होता, तो त्यानं पाळला.

येताना अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. रुक्मी खिडकीशी. बाहेर कुल्फीवाला ओरडत होता, कंडक्टर ओरडत होता, सारं जग गळा फाडून ओरडत होतं. रुक्मी माझ्या कानाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, “कॅप्टन, माझा आवाज कुठं गेला गं?”

मला उत्तर ठाऊक होतं. मागच्या दारात ठेवला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून चपलांबरोबर बाहेर काढून ठेवला होता. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं. अण्णांनी आम्हाला आत येऊ दिलं नाही, हे अर्धंच खरं होतं. मागनं येऊ दिलं. चोरून, वाकून, तोंड दाबून. झाडायला यायचं तर या, खेळायचं असलं तरी झाडणाऱ्या बाईच्या दारानं या. आणि त्या दारानं गेलेलं माणूस मोठ्यानं बोलायचं विसरतं. माझी माय किती वर्षं जात होती त्या दारानं!

रुक्मीला हळद लागली त्या संध्याकाळी मी मायच्या पदराची गाठ सोडली. ती भाकरी थापत होती, हात पिठात. “काय करायलीस? ए, काय करायलीस गं?” मी चावी घेतली आणि निघाले. ती तशीच पिठाच्या हातानं माझ्यामागं पळत आली.

मी पुढच्या दारानं गेले. वॉचमन म्हणाला, “ए, कुठं?” मी थांबले नाही. पायात चपला होत्या, तशीच लाकडी फरशीवर गेले. खेळ थांबला. सगळे माझ्या पायाकडं बघायला लागले, तोंडाकडं कुणी नाही. मी चावी अण्णांच्या हातात दिली.

“आजपासून मी झाडणार न्हाई. माझी माय बी झाडणार न्हाई.”

आवाज छताला लागून परत आला. माझाच आवाज. मला स्वतःलाच दचकायला झालं.

अण्णा हसले. गोड. “मग कोण झाडणार, बेटा?”

“ज्याचं हाय त्यानं झाडावं. आन् आमचं असंल तर आदी कुलूप काढा, मग आमी झाडू. तुमी मला बेटा मनू नका.”

कुणीतरी म्हणालं, “चपला घालून आली बघा.” कुणीतरी म्हणालं, “ह्यांना डोक्यावर घेतलं की असंच होतं.” माय दारात उभी होती. पुढच्या दारात. कुलूप लागल्यापासून त्या दारातनं ती आत आलीच नव्हती आणि तेव्हाही उंबऱ्याबाहेरच थांबली होती, पीठ वाळलेले हात तसेच पुढं धरून. मला वाटलं आता पुन्हा म्हणेल, चुकलं अण्णा. तिचे ओठ हललेही. पण आवाज आला नाही. मी तिचा हात धरला आणि आम्ही घरी आलो.

वस्तीनं आमचं कौतुक केलं असं वाटत असेल तर तसं काही नाही. बाया मायला म्हणाल्या, “एवढं एक दार होतं, ते बी घालवलंस पोरीपायी.” आठवड्यात पालिकेनं सफाईला एजन्सी लावली. पैसा त्यासाठी लगेच निघाला. सलीममामूंचं दुकान अतिक्रमणात आलं. इतकी वर्षं आलं नव्हतं, तेव्हाच आलं. मशीन उचलून नेलं. आता ते दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला जातात. आम्ही नगरसेवकाकडं गेलो, त्यांनी चहा पाजला. पालिकेत गेलो, साहेब मीटिंगमध्ये होते. मग बदलून गेले, नवीन साहेब आले, तेही मीटिंगमध्ये. मधे अण्णांचा निरोप आला होता, आमचं दुपारचं खेळणं तोवर त्यांच्या कानावर गेलं होतं, “पोरींना दुपारी येऊ दे म्हणावं, मागच्या दारानं, आवाज न करता. मला काय वाईट वाटतं का?” तोवर मी वस्तीतल्या लहान पोरींना शिकवायला लागले होते, त्यातल्या काही आशेनं माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मॅट दिसत होती मला, ते चौकोनी तुकडे. मी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, न्हाई.

त्या नाहीची किंमत आहे, ती मला ठाऊक आहे. खडीवर खेळलेल्या माझ्या पोरी निवडीला मॅटवर पडतात. गेल्या वेळी एकीचा घोटा गेला. तिच्या आईनं मला शिव्या घातल्या, दारात उभी राहून घातल्या, मी ऐकून घेतल्या. रात्री झोप लागत नाही. कधी कधी वाटतं, मी कोण ह्या लेकरांचं वाटोळं करणारी? जाऊ दे त्यांना मागनं. मग रुक्मीचा फोन येतो.

रुक्मी हळू बोलते. तिला आता पोरगी झालीय. मी म्हणते, “मोठ्यानं बोल की, ऐकू येईना.” ती म्हणते, “नको. सासू हाय आत.” एवढंच बोलणं होतं कधी कधी. फोन ठेवल्यावर माझ्या अंगाची आग होते.

म्हणून आता आम्ही रोज संध्याकाळी पुढच्या दारासमोर खेळतो. पांढरे बूट आत खेळतात त्याच वेळेला. पाटीच्या बरोबर खाली, पायऱ्यांपुढच्या खडीवर. कामावरनं सुटले की मामू येतात, चुन्याची रेषा ओढतात. पोरी खडीला हात लावून कपाळाला लावतात, कारण त्या खडीच्या खाली आमचीच माती आहे. पोलीस दोनदा येऊन गेले. मला ठाण्यात बसवून ठेवलं, शांतता भंग म्हणाले. सोडल्यावर मी घरी गेले नाही, सरळ त्या खडीवर गेले. माय पायरीवर बसते. तिच्या पदराला आता गाठ नसते.

पायाचं मी पोरींना जमेल तेवढं शिकवते. मॅट नाही तर पाय कुठून बसणार? पण आवाज शिकवते. पोटातून. आत शटलचा टप टप आवाज बुडेल असा. जिचा आवाज बारीक येईल तिला मी परत पाठवते, पुन्हा चढाई, पुन्हा, ती रडली तरी पुन्हा. परवा अण्णा पायरीवर आले. म्हातारे झालेत आता. म्हणाले, “बेटा, आत खेळता येत नाही गं. जरा हळू घ्या.”

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. पोरींकडं बघून ओरडले, “कुणी हळू घ्यायचं न्हाई!”

अण्णा उभेच होते. तेव्हा वळून सांगितलं त्यांना. दार उघडायचं नसंल तर नका उघडू. पण मी जिवंत हाय तोवर तुमाला रोज ऐकावं लागंल.